विनोदी नट जॅक बेनी: जे रंगमंचावर पाहायचे, ते रेडिओवर ऐकू कसे आले?

आयर्विनपूल (सांगली)

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या मासिक सभेत पुढच्या महिन्यात अमेरिकन विनोदी नट जॅक बेनी यांच्यावर तासाभराचे भाषण करण्याचे मी कबूल केले आहे. सभेला येणारी मंडळी बहुतेक निवृत्त शिक्षक, बँकेत नोकरी केलेली आणि हौशी नाट्यमंडळांतून तोंडाला रंग लावलेली आहेत. चार्ली चॅप्लिन आणि लॉरेल-हार्डी त्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत, पण बेनी यांचे नाव क्वचितच कोणी ऐकले असेल. चरित्राचा सांगाडा माझ्याजवळ तयार आहे. १४ फेब्रुवारी १८९४ रोजी शिकागोत जन्म, मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की, वडील वॉकीगन गावातील ज्यू दुकानदार, मुलाने मोठा वादक व्हावे म्हणून लहानपणीच हाती दिलेले व्हायोलिन, शाळेत मन न रमल्यामुळे कोवळ्या वयातच गावच्या व्हॉडव्हिल (गाणे, कसरती, नकला अशा निरनिराळ्या तुकड्यांचा एकत्र खेळ) थिएटरच्या वाद्यवृंदात धरलेली नोकरी, तेथून फिरता रंगमंच, १९३२ पासून रेडिओ, मधूनमधून चित्रपट, १९५० पासून दूरचित्रवाणी आणि २६ डिसेंबर १९७४ रोजी निधन.

माझी अडचण पुढे आहे. बेनी यांचे दूरचित्रवाणीवरचे जे कार्यक्रम आज पाहायला मिळतात, त्यांत सर्वांत मोठा हशा ते काहीच बोलत नसतात तेव्हा येतो. एक हात गालावर, दुसरा त्याच्या कोपराखाली, मान किंचित वळलेली आणि नजर थेट प्रेक्षकांवर. समोरचा माणूस पाणउतारा करून मोकळा झालेला असतो आणि हे गृहस्थ नुसते बघत राहतात. रंगमंचावर हे चालेल, कॅमेऱ्यासमोरही चालेल. परंतु ज्या रेडिओवर त्यांची वीस वर्षांहून अधिक काळ सद्दी होती, तेथे नुसते बघणे श्रोत्यांना ऐकू कसे आले असेल? त्यांच्याच पिढीतले, रंगमंचावर त्यांच्यापेक्षा अधिक गाजलेले कित्येक जण ध्वनिक्षेपकासमोर फार काळ टिकले नाहीत, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे हा प्रश्न अधिकच अवघड होतो.

आणखी एक. आमच्या सभेत तमाशातल्या सोंगाड्याचा विषय हमखास निघणार. ती तुलना मी आपणहून करावी की टाळावी, याबद्दलही जाणकारांनी मत द्यावे.

तंतुवाद्य (मिरज)

प्रश्न नेमका आहे, मात्र त्याचे उत्तर रेडिओत शोधण्याआधी व्हॉडव्हिलचा धंदा कसा चाले, हे थोडे पाहावे लागेल. एका खेळात साधारण आठ-नऊ निरनिराळे तुकडे असत. कसरतपटू, शिकवलेली कुत्री, गायिका, जादूगार, नकलाकार, एखादे छोटे नाटुकले असा तो सगळा मामला होता. कीथ-ऑल्बी आणि ऑर्फियम अशा मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात शहरोशहरीची थिएटरे होती आणि कलाकाराला त्यांच्याकडून फेरा ठरवून मिळे. लोक येऊन स्थिरस्थावर होईपर्यंत ज्यात बोलणे नाही असा खेळ पहिला लावत, आणि मोठ्या नावाचा कलाकार शेवटून दुसरा येई. मोठे सामान लागणारा प्रवेश मांडण्यासाठी मधला पडदा पाडला, की त्या पडद्यापुढच्या अरुंद पट्टीवर एखाद्या एकट्या-दुकट्याने उभे राहून दहा-पंधरा मिनिटे निभावून न्यायची. पाठीमागे सुतारांची ठोकाठोक चालू, पुढे प्रेक्षक, आणि हातात फार तर एक वाद्य. बेनी यांची उमेदवारी या पट्टीवर झाली.

सतराव्या वर्षी आठवड्याला ७.५० डॉलरवर ते वाजवत होते. त्याच थिएटरात मार्क्स बंधू या विनोदी नटांचा खेळ लागला असता त्यांच्या आईने, मिनी मार्क्स यांनी, या मुलाला आपल्याबरोबर फिरतीवर नेण्याची इच्छा दाखवली होती, पण घरच्यांनी नकार दिला. पुढे १९१२ मध्ये कोरा सॅलिसबरी या पियानोवादक बाईंबरोबर त्यांनी जोडी जमवली. तेव्हा यान कुबेलिक या नामवंत व्हायोलिनवादकाने नावसाधर्म्याबद्दल हरकत घेतली आणि कुबेल्स्की हे नाव सोडावे लागले. पहिल्या महायुद्धात नौदलात असताना ग्रेट लेक्स येथील तळावर सैनिकांच्या कार्यक्रमांतून त्यांना वादनाइतकाच बोलण्याला वाव मिळाला. युद्धानंतर ते बेन के. बेनी या नावाने पुन्हा रंगमंचावर आले, तर बेन बर्नी हे दुसरे व्हायोलिनवाले विनोदी नट हरकत घ्यायला उभे! अशा रीतीने दोनदा बारसे होऊन ते जॅक बेनी झाले. पुढच्या काही वर्षांत बोलणे वाढत गेले, वाजवणे कमी होत गेले आणि व्हायोलिन हातात राहिले ते मुख्यतः धरण्यापुरते. १९२९ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या नाचगाण्यांच्या बोलपटात ते प्रथम मोठ्या पडद्यावर ठळकपणे दिसले, तेही निवेदक म्हणूनच.

निवेदकाचे हे काम मला फार महत्त्वाचे वाटते. निवेदकाला स्वतःचा तुकडा रंगवून निघून जाता येत नाही. त्याला दुसऱ्याला पुढे आणायचे असते, दुसऱ्याचा खेळ पडला तर सावरायचे असते आणि प्रेक्षकांची नाडी सतत हातात धरून ठेवायची असते. रेडिओवर बेनी यांनी हेच केले.

आता रेडिओ. व्हॉडव्हिलमध्ये एकदा बसवलेली पंधरा मिनिटे वर्षानुवर्षे पुरत, कारण गाव बदलले की प्रेक्षक नवे असत. रेडिओवर तेच पंधरा मिनिटांचे साहित्य एका रात्रीत साऱ्या देशाने ऐकून टाकलेले असे आणि पुढच्या आठवड्याला नवे लागे. चरकात घातलेल्या उसाचा दुसऱ्या दिवशी रस निघत नाही, तसा हा प्रकार होता. ज्यांचा सारा भरवसा चुटक्यांवर किंवा वेशभूषेवर होता, त्यांची येथे कुचंबणा झाली. एड विन हे १९३२ मध्ये टेक्सॅको कंपनीच्या कार्यक्रमातून रेडिओवर आले ते चित्रविचित्र पोशाख चढवून आणि समोर प्रेक्षक बसवून. सुरुवातीला ते अफाट गाजले, पण रेडिओवरचा तो बहर त्याच दशकात ओसरला.

बेनी यांचा कार्यक्रम २ मे १९३२ रोजी कॅनडा ड्राय या पेय कंपनीच्या जाहिरातीसाठी सुरू झाला. हॅरी कॉन हे त्यांचे पहिले लेखक. सुट्या चुटक्यांची माळ ओवण्याऐवजी या दोघांनी माणसे उभी करायला सुरुवात केली. कार्यक्रम करणारी मंडळी हाच कार्यक्रमाचा विषय ठरला. बेनी यांच्या पत्नीला प्लेनफिल्ड गावची एक चाहती म्हणून आणले गेले आणि त्या मेरी लिव्हिंगस्टन या नावाने कायमच्या तेथे राहिल्या. हळूहळू ‘बेनी’ नावाचे एक पात्र आकाराला आले: कमालीचा चिक्कू, स्वतःच्या रूपाचा आणि निळ्या डोळ्यांचा अभिमान बाळगणारा, व्हायोलिन बेसूर कुरकुरवणारा आणि वयाच्या एकोणचाळिशीत कायमचा मुक्काम ठोकून बसलेला. एकदा हे पात्र श्रोत्यांच्या मनात पक्के झाल्यावर विनोद करण्याची गरजच उरली नाही. प्रसंग नुसता समोर ठेवला की श्रोता पुढचे सगळे स्वतः समजून घेऊ लागला.

आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. २८ मार्च १९४८ च्या कार्यक्रमात बेनी शेजारी राहणारे चित्रपटनट रोनाल्ड कोलमन यांचे ऑस्कर पारितोषिक थोड्या वेळासाठी मागून घेतात आणि रात्री ते हातात घेऊन पायी घरी निघतात. वाटेत लुटारू गाठतो आणि दरडावतो, पैसे टाक नाहीतर जीव घेईन. यानंतर रेडिओवर काहीही ऐकू येत नाही. पहिला क्षणभर प्रेक्षकगृहातही शांतता असते. मग कोठेतरी एक-दोन जण हसतात, त्यांच्या हसण्याने इतरांना उमगते आणि हशा वाढत जातो. बेनी तो पूर्ण ओसरू देतात. लुटारू चिडून पुन्हा तेच विचारतो, आणि मग बेनी वैतागून सांगतात, ‘विचार करतोय ना मी!’ हे उत्तर कागदावर लिहिले तर बरेसे वाटते, एवढेच. त्याच्या आधीची शांतता मात्र भरलेली आहे, कारण ती सोळा वर्षांच्या चिक्कूपणाच्या भांडवलावर उभी आहे. रेडिओवर त्यांचे बघणे असे ऐकू येत होते: श्रोत्याला तो चेहरा आतून माहीत होता आणि स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा हशा त्याला केव्हा बघायचे ते सांगत होता.

अजिंक्यतारा (सातारा)

वरील विवेचन उत्तम आहे, तरीही त्यात एका माणसाच्या विरामाला जरा जास्तच श्रेय मिळाले आहे असे मला वाटते. बेनी यांच्या कार्यक्रमात निम्म्याहून अधिक हशे दुसऱ्यांच्या वाक्यांना आहेत. निवेदक डॉन विल्सन, बँडवाले फिल हॅरिस, गायक डेनिस डे, मेरी लिव्हिंगस्टन असे सगळे मिळून एका माणसाची टर उडवतात आणि तो माणूस पगार देणारा मालक आहे, यात खरी गंमत आहे. आपल्याकडे नाटक कंपन्यांचे मालक स्वतःकडे नायकाची भूमिका ठेवत. येथे मालकाने मार खाणारी भूमिका स्वतःकडे ठेवली.

यांपैकी एडी अँडरसन यांच्याविषयी भाषणात सविस्तर बोलावे असे मी सुचवेन. तेही रंगमंचावरच वाढलेले, कलावंतांच्या घरातले. १९३७ च्या ईस्टरच्या कार्यक्रमात रेल्वेच्या डब्यातील कृष्णवर्णीय नोकराची एक छोटी भूमिका त्यांना मिळाली आणि श्रोत्यांनी ती इतकी उचलून धरली की त्यांना रॉचेस्टर या नावाने बेनींचा घरगडी करून कायम ठेवण्यात आले. त्यांचा घोगरा, खरखरीत आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. सुरुवातीच्या काळात रॉचेस्टरच्या तोंडी दारू, जुगार आणि आळस यांवरचे ठरीव विनोद येत, त्या काळच्या गोऱ्या अमेरिकेला काळ्या माणसाचे तेच चित्र सवयीचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर बेनी यांनी तशा विनोदांना फाटा द्यायला लावला. रॉचेस्टर नोकर राहिला खरा, पण प्रत्येक वादात शहाणा तोच ठरे, आणि धन्याचा पाणउतारा करण्याचा पहिला मान त्याचा असे. हे सगळे निर्दोष होते असे कोणी म्हणणार नाही. तरी तो काळ पाहता श्रोत्यांसमोर ही गोष्ट तिच्या दोन्ही बाजूंसह मांडणेच योग्य होईल.

निरनिराळे आवाज काढणारे नट मेल ब्लँक यांचेही नाव घ्या. बेनींच्या जुनाट मॅक्सवेल मोटारीच्या इंजिनाचा मुद्रित आवाज एकदा ऐन वेळी वाजलाच नाही, तेव्हा ब्लँक यांनी ध्वनिक्षेपक ओढून तोंडानेच खोकणारी, धापा टाकणारी, शेवटी आचका देऊन बंद पडणारी गाडी सादर केली. पुढे ती भूमिका त्यांच्याकडेच राहिली. मोटारीला नट लागतो, हे फक्त रेडिओवरच घडू शकते.

सोंगाड्याच्या तुलनेविषयी माझे मत प्रतिकूल आहे. सोंगाडा समोर बसलेल्या गावावर जगतो. बतावणीत तो त्या गावच्या पाटलाचे, सावकाराचे, सकाळी बाजारात झालेल्या भांडणाचे धागे उचलतो आणि सरदाराला कोंडीत पकडतो. उलट बेनी यांच्या संहितेतील शब्द न् शब्द आठवडाभर घासूनपुसून घेतलेला असे. त्यापेक्षा आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘प्रपंच’ मालिकेतल्या टेकाडे भावजींचा दाखला द्यावा. तेथेही ठरलेले घर, ठरलेली माणसे आणि ठरलेले स्वभाव होते, आणि सांगलीत १९६३ साली केंद्र सुरू झाले त्याच्या आगेमागे घरोघरी रेडिओ ऐकलेल्या आपल्या श्रोत्यांना ती आठवण चटकन पटेल.

कवलापूररस्ता (सांगली)

सातारच्या मित्रांचे म्हणणे अर्धेच मान्य करता येईल. सोंगाडा उत्स्फूर्त बोलतो हे खरे, परंतु काळू-बाळू यांचे उदाहरण आपण विसरलात आणि ते तर आमच्या शेजारच्या कवलापूरचे. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी काळू आणि बाळू नावाच्या दोन हवालदारांची कामे केली, ती इतकी गाजली की त्यांची मूळ नावे मागे पडून लोक त्यांना भूमिकेच्याच नावाने ओळखू लागले. तो वग वर्षानुवर्षे चालला. प्रेक्षकांना पुढचे वाक्य तोंडपाठ असे, तरी ते कनातीत जागा धरून बसत, कारण त्यांना गोष्ट ऐकायची नव्हती. दिसायला अगदी सारखे असे ते दोघे एकमेकांना कसे अडकवतात आणि त्या गोंधळात सरकारी खाक्याची कशी फजिती होते, ते पुन्हा पाहायचे होते. बेनींचा चिक्कूपणा आणि काळू-बाळूंचा हवालदारी घोळ यांचे कूळ मला एकच दिसते. भूमिकेने माणसाला गिळून टाकण्याचा अनुभवही दोन्हीकडे सारखाच आहे. बेनी प्रत्यक्षात सढळ हाताचे होते, पण लोकांनी पडद्यावरचा कंजूष खरा मानू नये म्हणून हॉटेलात बक्षिसी नेहमीपेक्षा मोठीच ठेवावी लागे.

फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. व्हॉडव्हिलच्या व्यवस्थापकांचा भाषेवर कडक पहारा असे. बायकामुलांसह कुटुंबाने तिकीट काढावे हाच त्या धंद्याचा पाया असल्यामुळे शिवराळ किंवा सूचक बोलणाऱ्या कलाकाराला लेखी समज मिळे आणि तो वाक्य गाळायला तयार नसेल तर त्याचे काम जाई. द्वयर्थी संवाद हा सोंगाड्याचा आणि मावशीचा हक्काचा प्रांत, तो तेथे बंदच होता. म्हणून व्हॉडव्हिलमधून आलेल्या नटाला घराघरांत ऐकल्या जाणाऱ्या रेडिओसाठी स्वतःला फारसे बदलावे लागले नाही. आपल्याकडे मात्र फडावरचा गडी आकाशवाणीच्या स्टुडिओत आला की त्याच्या संवादांना कात्री लागे आणि सोंगाड्याचे निम्मे बळ दाराबाहेर राही. दादा कोंडके यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’च्या रंगमंचावरून थेट चित्रपटाची वाट धरली, मधल्या रेडिओच्या पायरीची त्यांना गरज भासली नाही, याचे कारणही काही अंशी येथे सापडेल.

तेव्हा आयर्विनपूल यांनी तुलना अवश्य करावी, फक्त ती बतावणीशी न करता वगातल्या पक्क्या पात्राशी करावी.

आयर्विनपूल (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काळू-बाळूंचा मुद्दा मी घेणारच आहे. आमच्या सभेतील निम्म्या लोकांनी त्यांचा तमाशा प्रत्यक्ष पाहिलेला आहे, त्यामुळे त्यावर मलाच चार गोष्टी ऐकाव्या लागतील.

आता दोन शंका उरतात. रेडिओवर एवढे यश मिळूनही चित्रपटात बेनी यांचे स्थान दुय्यमच का राहिले? आणि रेडिओवरचे दुसरे विनोदी नट फ्रेड ॲलन यांच्याशी झालेल्या त्यांच्या गाजलेल्या भांडणाला भाषणात जागा द्यावी का?

तंतुवाद्य (मिरज)

आधी भांडण, कारण त्याची सुरुवात व्हायोलिनपासून आहे आणि मिरजेच्या माणसाला तो मोह आवरत नाही. ३० डिसेंबर १९३६ रोजी ॲलन यांच्या कार्यक्रमात स्टुअर्ट कॅनिन या दहा वर्षांच्या मुलाने ‘द बी’ ही जलद लयीची रचना सफाईने वाजवली. त्यावर ॲलन यांनी बेनी यांच्या वादनाला चिमटा काढला. पुढच्या कार्यक्रमात बेनी यांनी उत्तर दिले आणि दोन स्वतंत्र कार्यक्रमांमधून ही जुगलबंदी अनेक वर्षे चालली. १४ मार्च १९३७ रोजी न्यू यॉर्कच्या पिएर हॉटेलात दोघे एकमेकांसमोर आले तेव्हा साऱ्या अमेरिकेने रेडिओला कान लावले होते. प्रत्यक्षात दोघे जिवलग मित्र होते.

मात्र हा विषय केवळ किस्सा म्हणून सांगू नका. ॲलनही व्हॉडव्हिलमधूनच आलेले, सुरुवातीला हातचलाखी करत चेंडू उडवणारे, आणि शब्दांच्या बाबतीत बेनींपेक्षा कितीतरी तल्लख. संहितेचा मोठा भाग ते स्वतः लिहीत आणि त्या श्रमाने थकून जात. त्यांचा विनोद ताज्या घडामोडींवर आणि वाक्याच्या धारेवर उभा होता. १९४८ मध्ये त्यांच्याच वेळेला प्रतिस्पर्धी केंद्राने बक्षिसे वाटणारा एक संगीतप्रश्नांचा कार्यक्रम लावला आणि त्यांचा श्रोतृवर्ग बघता बघता निसटला; १९४९ मध्ये त्यांचा कार्यक्रम बंद झाला. दूरचित्रवाणीवर त्यांची मात्रा चालली नाही. बेनींचे मात्र लेखक बदलले, जाहिरातदार शीतपेयापासून जेलीपर्यंत आणि जेलीपासून सिगारेटपर्यंत बदलले, तरी पात्र तेच राहिले. जानेवारी १९४९ मध्ये ते एनबीसी ही प्रसारण कंपनी सोडून तिच्या प्रतिस्पर्धी सीबीएसमध्ये गेले. त्यामागे कराचा हिशेब होता: पगार घेण्याऐवजी कार्यक्रमाची मालकी असलेली कंपनीच विकली, तर त्या पैशावर भांडवली नफ्याच्या कमी दराने कर पडे. चिक्कू पात्राला शोभेल असा हा व्यवहार प्रत्यक्षातल्या बेनींनी केला, याची मौज आपल्या बँकवाल्या श्रोत्यांना अधिक वाटेल.

चित्रपटांचे कारण मला असे दिसते की हॉलिवूडने त्यांना बहुतेक वेळा परके कथानक दिले. रेडिओवर दर आठवड्याला श्रोता जुनी ओळख घेऊन येई. चित्रपटात दीड तासाकरिता एक नवा माणूस बनायचे म्हणजे ती पुंजी दाराशी ठेवून आत जायचे. अपवाद एकच आणि तो फार मोठा. १९४२ मध्ये एर्न्स्ट लुबिच यांनी ‘टू बी ऑर नॉट टू बी’ काढला तो बेनींना डोळ्यांसमोर ठेवून. नाझींनी व्यापलेल्या वॉर्सातील एका नाटक मंडळीचा प्रमुख नट जोझेफ तुरा, आत्मप्रौढीने फुगलेला, हॅम्लेटचे स्वगत सुरू करतो आणि पहिले शब्द उच्चारताच दुसऱ्या रांगेतला एक तरुण अधिकारी उठून चालू लागतो. नटाच्या जिवाला यापेक्षा मोठा घाव नाही, आणि बेनींचा चेहरा त्या क्षणी जे करतो ते त्यांनी व्हॉडव्हिलच्या पडद्यापुढे शिकून घेतलेले होते. प्रेक्षक उठून गेला तर काय वाटते, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती! नाझी गणवेशातला आपला मुलगा पडद्यावर दिसताच त्यांचे वडील संतापून चित्रपटगृहातून निघून गेले होते. पुढे समजूत घातल्यावर त्यांनी तो पूर्ण पाहिला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. सहनायिका कॅरोल लोम्बार्ड प्रदर्शनापूर्वीच, जानेवारी १९४२ मध्ये, विमान अपघातात गेल्या. युद्ध ऐन भरात असताना नाझींवर हसणे तेव्हा अनेकांना रुचले नाही. चित्रपटाची थोरवी मागाहून मान्य झाली. १९४५ मध्ये देवदूताची भूमिका असलेला त्यांचा एक चित्रपट साफ पडला, तर त्या अपयशावर त्यांनी पुढे अनेक वर्षे स्वतःच विनोद केले. पडलेला चित्रपटही त्यांनी रेडिओच्या कोठारात जमा केला.

अजिंक्यतारा (सातारा)

चित्रपटाविषयीचे हे निदान पटले. काळू-बाळूंबाबत मी माझा हट्ट सोडत नाही, कारण कनातीतला प्रेक्षक आणि घरात एकटा बसून ऐकणारा श्रोता यांची तऱ्हा निराळी असते. पण त्यासाठी स्वतंत्र चर्चा करू.

भाषणाच्या मांडणीबद्दल एक सूचना करतो. तासभर नुसते बोलू नका. लुटारूचा प्रसंग ध्वनिवर्धकावरून ऐकवा आणि त्याआधी त्यात काय आहे हे अजिबात सांगू नका. फक्त बेनी चिक्कू म्हणून प्रसिद्ध होते, एवढे पुरे. भाषा इंग्रजी असली तरी धमकीचे वाक्य साऱ्यांना कळेल. त्यानंतर लगेच दूरचित्रवाणीवरचा एखादा प्रवेश पडद्यावर दाखवा, म्हणजे जी शांतता लोकांनी आत्ताच ऐकली तिच्यात बेनी कसे उभे असतील, ते त्यांना दिसेल. ध्वनियंत्रणा आदल्या दिवशी तपासून घ्या. मागच्या वर्षी आमच्याकडच्या एका सभागृहात असाच कार्यक्रम होता, तेथे ध्वनिवर्धक सतत गुणगुणत राहिला आणि विराम कोठे आला नि कोठे संपला, तेच कोणाला कळले नाही.

आयर्विनपूल (सांगली)

सूचना मान्य. एक शेवटचे विचारतो: ते व्हायोलिन खरोखरच इतके वाईट वाजवत असत का? आमच्या सभेत दोघे-तिघे वादक असतात. ते हे विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

तंतुवाद्य (मिरज)

नाही. बेसूर वाजवण्यासाठीसुद्धा सूर कोठे आहे ते ठाऊक असावे लागते, हे वादकांना सांगायला नकोच. मध्यंतरीच्या वर्षांत रियाज सुटल्यामुळे त्यांचा हात मागे पडला होता, परंतु साठीच्या सुमारास त्यांनी पुन्हा नेटाने सराव सुरू केला. १९५६ मध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाद्यवृंदाबरोबर त्यांचा कार्यक्रम झाला आणि तेथून अखेरपर्यंत ते अमेरिकेतील अनेक शहरांच्या वाद्यवृंदांना निधी मिळवून देण्यासाठी असे कार्यक्रम करत राहिले. अंगात लांब शेपट्यांचा काळा कोट, चेहऱ्यावर थोर वादकाचा आव, पाठीमागे खरोखरचे कसलेले वादक, आणि मग गंभीर रचनेच्या मध्यावर एकेक फजिती. त्यातून लाखो डॉलर उभे राहिले आणि ते सर्व वाद्यवृंदांना गेले; स्वतःसाठी त्यांनी मानधन घेतले नाही. त्यांच्याजवळ स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन होते, ते मृत्युपत्राप्रमाणे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला मिळाले.

ही माहिती भाषणाच्या शेवटी ठेवू नका, ध्वनिफीत लावण्याआधीच देऊन टाका. नाहीतर आपले वादक श्रोते पहिल्याच कुरकुरीला कान झाकतील आणि पुढचा अर्धा तास त्यांची समजूत काढण्यात जाईल.